गयेनंतरचे कबाब

१२ ऑक्टोबर १९८०, रविवार. लखनौ.

काल गयेहून परत. गाडी नेहमीप्रमाणे लेट. नंदूचं सगळं नीट झालं, असं पंडा म्हणाला. वीस वर्षांच्या मुलाचे पिंड बापानं द्यायचे, यात नीट काय असतं ते त्यालाच ठाऊक. मेंदूज्वरानं गेला, त्याला भाद्रपदात वर्ष झालं. म्हणून आता गया.

शेवटी अक्षयवटाखाली आवडीची एक वस्तू सोडायची असते. जन्मभर पुन्हा खायची नाही. लोक हुशार. आमच्यापुढच्या गृहस्थांनी कारलं सोडलं, तेव्हा बायकोनं तिथल्या तिथे कोपर मारलं त्यांना. माझी पाळी आली. म्हटलं, "मांस." पंडा दचकला. "अरे, ब्राह्मण होकर! वह तो यूँ भी नहीं खाना चाहिए. कोई फल बोलिए." म्हटलं, बरं, अमरूद. हातावरून पाणी सोडलं. तोंडानं पेरू सोडला, मनात कबाब. अमीनाबादचे, रविवारचे, नंदूबरोबरचे.

सुधा शेजारी बसली होती. तिनंही पाणी सोडलं. ओठ हलले. काय सोडलं ते मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. असल्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात.

१९ ऑक्टोबर, रवि. दसरा.

सोनं वाटायला कोणी आलं नाही, आम्हीही गेलो नाही. संध्याकाळी पाय आपोआप जिन्याकडे. स्कूटर काढली. अमीनाबादच्या वाटेवरचा निशातगंजचा पूल अर्धा ओलांडला आणि परत फिरलो.

मीनूनं विचारलं, "बाबा, कहाँ गए थे?" म्हटलं, पेट्रोल भरायला. ही आमची धाकटी, इंटरच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही मराठीत बोलायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. नंदूचंही तेच.

त्याला मी पहिल्यांदा अमीनाबादला नेलं तेव्हा तो सातवीत. मी स्वतः हॉस्टेलात बाटलेलो. सुधाला माहीत होतं. तिची अट एकच: घरात शिरण्याआधी चूळ भरायची, शर्ट गच्चीवरच्या दोरीवर. रविवारी दोरीवर दोन शर्ट असत, एक मोठा, एक लहान. मग दोन्ही सारखे. मग त्याचा मोठा.

९ नोव्हेंबर, रवि. भाऊबीज.

मीनूनं तबक केलं. कोणासाठी ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. गच्चीवर जाऊन तिनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसला की मुली असं करतात, सुधानं शिकवलं असेल. कोर अगदी बारीक होती, लगेच मावळली. मीनू तबक घेऊन तशीच उभी. मी खाली आलो.

सुधा अजून आमच्याबरोबर जेवत नाही. वाढते, आणि मागून ओट्याशी उभ्यानं काहीतरी खाते. वर्ष झालं. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी काही म्हटलं की "जेवते हो मी" एवढंच.

१६ नोव्हें., रवि.

दुपारी सुधा म्हणाली, "गयेला तुम्ही ते सोडलंत ना?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रविवारी घरात बसता. एकच पेपर संध्याकाळपर्यंत वाचता."

पेपर मिटला. ती म्हणाली, "सुरणाचे करून बघू का? खिमटासारखा मऊ शिजतो. कसे लागतात ते तुम्ही सांगा."

ज्या बाईनं कबाब हा शब्द घरात येऊ दिला नाही ती विचारते, कसे लागतात. काय सांगणार? लवंग, वेलदोडा, कोळशाचा धूर, बाहेरून करपट, आत मऊ... हे मी सांगत होतो आणि ती भाजीवालीनं भाव सांगावा तसं ऐकत होती.

सुरण मीच आणला, आमच्या इन्स्टिट्यूटच्या बागेतून, ऐटीत. मी वनस्पतिशास्त्रज्ञ ना! निघाला जंगली. चिंच घातली होती तरी पहिल्याच घासाला तिघांचेही घसे खाजायला लागले. मीनू नळाकडे पळाली, मी गुळाकडे. सुधाही आमच्याबरोबर ताटावर बसली होती, चव कळावी म्हणून. तिला ठसका लागला, आणि ती हसायला लागली. "इतकी वर्षं झाडांत काढलीत, आणि हा सुरण!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम थांबली आणि दाराकडे बघितलं. काय झालं हसायला, असं विचारत कोणी तिथून आलं असतं.

२१ डिसें., रवि.

बाजारातला सुरण चांगला निघाला, दोनदा झाले. आज सोयाबीनच्या वड्या. नवीन प्रकार आहे, देशपांडे पंतनगरहून घेऊन आला. भिजवल्या की ओल्या पोत्याचा वास. सुधानं चार पाण्यांतून पिळल्या, वाटल्या, डाळीचं पीठ, मसाला. मीनूचं मत: "रबर है, बाबा. लेकिन अच्छा रबर है."

देशपांडे आमच्याच इन्स्टि.त. अमरावतीचा. डब्याच्या वेळी त्यानं निकाल दिला: "सोडलेली वस्तू सोंग घेऊन आली तरी तीच वस्तू. तुझं व्रत मोडलं." मी म्हटलं, मी बकरा सोडला, लवंग नाही सोडली. तो म्हणाला, "सोडायची असते आवड. बकऱ्याला काय फरक पडतो?" मी डबा बंद केला.

घरी येऊन सुधाला सांगितलं. ती म्हणाली, "देशपांड्यांना म्हणावं, पाप लागायचं ते करणारीला लागेल. तुम्ही जेवा."

कबाब हा माझ्यापुरता प्रश्नच नाही. ती ताटावर बसते, हे आहे. रविवारी बसते, म्हणून सोमवारी पण बसते. आज दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. एवढ्यासाठी मी रबरही खाईन.

११ जानेवारी १९८१, रवि.

थंडी मरणाची. गच्चीवर शेगडी. खालच्या शमीम आपा, आमच्या घरमालकीण, वर आल्या. वासानं आल्या म्हणे. सुधानं भिजवलेल्या राजम्याचे कबाब सळईवर लावले होते, ते निम्मे निखाऱ्यात पडले. आपा हसल्या नाहीत. बाह्या सारून बसल्या. "बहनजी, बेसन भूनकर डालिए. कच्चा बेसन पकड़ता नहीं." मग मिश्रणाच्या मध्ये वाटी, वाटीत पेटता निखारा, त्यावर तूप आणि लवंग, वरून झाकण. झाकण काढलं आणि मी खुर्चीतून उठलोच. अमीनाबादचं ते दुकान गच्चीवर आलं होतं.

आपांनी एक तुकडा मोडून खाल्ला. "सूरत तो वही है. खुशबू भी. बस जान की कमी है." मग जीभ चावली त्यांनी. सुधा म्हणाली, "हो, ती तर आहेच." मराठीतच म्हणाली. आपांना कळलं.

जाताना माझ्यापाशी थांबल्या. "नंदू मियाँ होते तो सीख समेत ले भागते."

१० फेब्रु., मंगळ.

आज रविवार नाही, तरी सुधानं कबाब केले. तेविसावं लागलं असतं नंदूला.

शेवटी ताटलीत एक उरला. मीनूनं माझ्याकडे सरकवला, मी सुधाकडे, तिनं परत मध्ये. तसाच राहिला. सकाळी गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळ्यानं लगेच नेला. गयेला पिंडाला शिवायला किती वेळ लावला होता!

२९ मार्च, रवि.

बाजारात कटहल आला. म्हणजे आपला फणसच, कोवळा. इकडे भाजी करून खातात, पिकला की नाक मुरडतात. मी या बाबतीत इकडचाच. पिकल्या फणसाच्या वासानं माझं डोकं उठतं, हे लग्नापासूनचं भांडण. सुधा राजापूरकडची, परसात झाड.

निशातगंजात भैया सोलून, तुकडे करून देतो. सुधाला अख्खाच हवा. घरी आणून, हाताला तेल लावून, विळीवर स्वतः फोडला. आपांच्या सल्ल्यानं तुकडे अर्धवट उकडले, दह्यात आणि मसाल्यात मुरवले, सळईला लावून निखाऱ्यावर.

काय सांगू? दातांखाली तंतू सुटत होते. तसेच्या तसे. डोळे मिटले आणि समोर तो बसला होता, बोटं चाटत, "बाबा, एक प्लेट और?" म्हणत. मी खाल्ले, खाल्ले, आणि मग ताटावरच रडलो. मुलीसमोर. दीड वर्षात नव्हतो रडलो.

मीठ कमी होतं. म्हटलं नाही.

सुधा बसली नाही आज. भूक नाही म्हणाली.

५ एप्रिल, रवि. पाडवा.

गुढी उभारली. श्रीखंड नाही, पण कटहलाचे कबाब. असलं पाडव्याचं जेवण कोणाकडे झालं नसेल. मीठ आज जास्त. मीनू म्हणाली, "आई, चखकर देखा करो ना." सुधा म्हणाली, "अंदाज चुकला." हातचं मीठ तिचं कधी चुकत नाही, चोवीस वर्षांत नाही.

वाढलं आणि आत गेली. ताट घेतलं नाही.

२६ एप्रिल, रवि.

पुन्हा तेच. इतर दिवशी बसते आमच्याबरोबर. रविवारी कबाब ठेवते आणि उठते. आता मिश्रण झालं की वाटीत घेऊन मीनूला देते मीठ बघायला. मीनू मैत्रिणीकडे गेली असली की खाली आपांकडे पाठवते. शेजारणीकडे मीठ बघायला कबाब! स्वतः मात्र बोट लावत नाही.

मी अर्थ लावला तो असा: आता फार हुबेहूब झालेत. सुरण, राजमा, रबर ही गंमत होती. हे मांसासारखे दिसतात, तुटतात. तिला किळस येत असणार. करायचं माझ्यासाठी म्हणून करते, आणि आत जाऊन बसते.

तिला किळस यावी असं काही मला खायचं नाही.

१० मे, रवि.

बोललो. नको तेवढं बोललो. उकाडा, लाइट गेलेली, आणि ती ताटली ठेवून वळली.

"खायचं नसेल तर करू नकोस. उपकार नकोत."

ती थांबली. पदरानं मान पुसली. "मीठ कमी आहे का?"

"मिठाचं नाही बोलत मी. तू बसत का नाहीस?"

"तुम्ही खा," म्हणाली. "मला बघू दे."

"काय बघायचंय त्यात?"

मीनूनं मान खाली घालून खाल्लं. मी ताटली सरकवली आणि गच्चीवर गेलो. खाली बघतो तर ती जिन्याच्या कठड्याशी उभी राहून हात नाकाशी धरून होती. वाटलं, वास जात नाही म्हणून वैतागली. फणसाचा चीक साबणानं निघत नाही, तेल लागतं. एवढं तरी मला कळतं.

१७ मे, रवि.

केले नाहीत. तिनं विचारलं, आणू का कटहल? मी म्हटलं नको. वरणभात. तिघंही ताटावर. हवं होतं ते मिळालं, आणि घर गयेहून आलो तेव्हासारखं झालं. पोळी तिनं अर्धीच खाल्ली.

१४ जून, रवि.

हे सगळं लिहून ठेवतो.

सकाळी मीनू रिक्षातून उतरली, मांडीवर पिकलेला फणस. सगळ्या जिन्यात वास. आपा खालून ओरडल्या, "अरे, यह क्या ले आई!" मीनू हसत होती. "आई के लिए. भैया लाते थे ना हर साल."

लाते थे. खरंच. मी विसरलो होतो, कारण मी तेव्हा घरात नसेच. फणस आला की मी पेपर घेऊन इन्स्टिट्यूट गाठायचो, रविवारीसुद्धा. मायलेकरं गच्चीवर, मध्ये फणस, दोघांचे हात तेलानं माखलेले. मी परत येईपर्यंत गरे संपलेले, आणि हात धुतले तरी नंदूच्या केसांनासुद्धा वास. माझे त्याच्याबरोबर कबाब, तिचे त्याच्याबरोबर गरे. पोरानं दोघांनाही सांभाळलं.

सुधा दारात आली. फणस बघितला. खाली वर्तमानपत्र घातलं, तेल घेतलं, पदर खोचला. फार सुंदर फोडला. कापा होता, घट्ट गऱ्यांचा. एकेक गरा सोडवून ताटात मांडला. एक ताट आपांकडे, एक मीनूपुढे. आज मी पळालो नाही, पेपर तोंडासमोर धरून बसलो.

मीनू म्हणाली, "आई, एक तो खाओ."

"नाही गं. गयेला सोडला मी फणस."

भाजी संपली म्हणावं तशी म्हणाली.

पेपरमधलं अक्षर दिसेना. मार्चपासून मेपर्यंत. दर रविवारी. कोवळा झाला तरी फणसच तो. फोडायचा, उकडायचा, मुरवायचा, भाजायचा, माझ्यापुढे ठेवायचा, आणि बोटाला लागलेलं मीठ बघायचं नाही. मी किळस समजलो. तिनं माझं पाणी सोडलेलं न सांगता ओळखलं होतं, माझ्या रविवारावरून. मी रोज तिच्या शेजारी बसून, तिच्या हातचा फणस खाऊन, ओळखलं नाही. झाडं ओळखून पगार घेतो मी.

१५ जून, सोम.

विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"मग कबाब त्याचेच कशाला केलेस? सुरण होता, राजमा होता."

"दुसऱ्या कशाचे तंतू तसे सुटत नाहीत ना," म्हणाली. "तुम्हाला तसे हवे होते."

"आणि तुला? तो घरात आणायचा, चिरायचा, आणि..."

"खायचं सोडलंय. हातानं थोडंच सोडलंय?" मग तांदळात बघत म्हणाली, "चीक लागला की दिवसभर वास राहतो हाताला. बरं वाटतं. तो बसल्यासारखा वाटतो जवळ."

कठड्याशी हात नाकाशी धरून ती उभी होती ते आठवलं. तिच्यापाशी जमिनीवर बसलो. तांदूळ निवडू लागलो. मला खडा दिसत नाही चष्म्याशिवाय, तरी निवडले.

म्हटलं, आता कटहलाचे कबाब बंद. मी पण सोडले. ती एकदम कळवळली. "नको हो. तुम्ही खाल्ले नाहीत तर मी फोडू कशाला? मला निमित्तच राहणार नाही."

यावर देशपांडेकडेही निकाल नसेल.

२८ जून, रवि.

अमीनाबादच्या वाटेवर एक म्हातारा पिके फणस घेऊन बसतो. कितीतरी महिन्यांनी पूल पार केला. स्कूटरच्या पुढ्यात, पायांपाशी फणस ठेवून आणला. लहानपणी नंदू तिथे उभा राहायचा, हँडल धरून.

तेल मीच लावलं. सुरी मीच धरली. सुधा म्हणत होती, तशी नाही, उभी धरा, पाव मधली काढा. पाव म्हणजे मधला दांडा. माझ्या शास्त्रात त्याला वेगळं नाव आहे, पण तिचं बरं. चष्म्यालाही चीक लागला. वासानं डोकं उठलं होतं, उठू दिलं. एक गरा तोंडात घातला. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातला पहिला.

ती समोर बसून बघत होती. अगदी मन लावून. माझं तोंड, माझं गिळणं. मे महिन्यात "मला बघू दे" म्हणाली होती ते काय, हे आज कळलं.

"गोड आहे?"

"मला काय कळणार? मी कधी खाल्लाय? नंदूला विचारायला हवं."

तोंडातून गेलं. वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "त्याला सगळेच गोड लागायचे." आणि हसली. मग रडली. मी हात धरणार होतो, पण दोघांचेही हात चिकट. तसेच धरले.

आठळ्या तिनं एकूण एक वेचल्या. धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात. मीनूनं विचारलं, "इनका क्या करोगी?" "बघू," म्हणाली.

५ जुलै, रवि.

दुपारपासून गच्चीवर आहे. ढग आहेत, ऊन नाही. शेगडी मीनूनं पेटवली.

काल सुधानं विचारलं, "तुम्ही सांगा. मी गयेला फणस म्हटलं होतं. आठळी त्यात येते का? तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

शास्त्र म्हणतं ते तिच्या विरुद्ध. आपण गरा खातो ते फळ नव्हेच, फुलाची फुगलेली पाकळी. खरं फळ म्हणजे आठळीभोवतीचं ते पातळ कवच, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. फणस सोडायचा तर आधी आठळी सोडायला हवी. इतकी वर्षं मुलांना हेच शिकवलं.

म्हटलं, "नाही येत. आठळी वेगळी."

"खरं?"

"अगदी खरं."

झाडाबद्दल आजवर खोटं बोललो नव्हतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ओळखलं असेल. माझं ती ओळखतेच.

आज सकाळी आठळ्या उकडल्या, सोलल्या, पाट्यावर वाटल्या. भाजलेलं बेसन, आल्याचा कीस, वेलदोडा. आपा खालून विचारून गेल्या, "आज किस चीज़ के हैं?" "आठळ्या" म्हटल्यावर त्यांना कळलं नाही. मीनूनं बी दाखवली. "अच्छा, गुठली के! अल्लाह, कुछ छोड़ती नहीं हो तुम लोग." मीनू खदखदून हसली. सुधाही.

मिश्रण झालं. मीनूनं सवयीनं हात पुढे केला, मीठ बघायला. सुधानं परात आपल्याकडे ओढली. "थांब."

बोटावर चिमूटभर घेतलं. आणि तशीच उभी आहे. मीनू म्हणते आहे, "आई, चखो ना." निखारे पांढरे पडायला लागलेत, कोणी वारा घालत नाही. मी खुर्ची कठड्याकडे फिरवली आणि वही उघडली. मागे कसलाच आवाज नाही. वळून बघत नाही.